ज्वारीच्या जोडीला

दाक्षायणीनं पिठाचा हात ओढणीला पुसला आणि करंगळीनं फोनची काच वर सरकवली. धंद्याचा फोन स्वयंपाकघरातच असे, फडताळाच्या खिळ्याला चार्जरसकट लटकवलेला. पुण्याच्या दुकानाचा मेल होता. परातीपलीकडे तिची सासू ईरम्मा तव्यावरची भाकरी फडक्यानं दाबून कडक करत होती. हात न थांबवता तिनं विचारलं,

"काय म्हन्तोय पुन्याचा?"

चारच ओळी होत्या. दाक्षायणीनं त्या दोनदा वाचल्या. गिऱ्हाइकं नुसत्या ज्वारीच्या कडक भाकरीला कंटाळली आहेत, तीळ लावलेली बाजरीची, नाचणीची, मेथीची मागतात. दिवाळीच्या आधी तुम्ही माल डायव्हर्सिफाय करा, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. डायव्हर्सिफाय हा शब्द तिनं बीएच्या शेवटच्या वर्षाला पाठ केला होता. एकाऐवजी अनेक प्रकार करणं, पसारा वेगवेगळ्या दिशांनी वाढवणं. परीक्षेत त्याला एक मार्क होता.

दुसऱ्यांदा वाचताना तिला शब्दाऐवजी पीठच दिसत होतं. ज्वारीचं पीठ पंधरा दिवस टिकतं. बाजरीचं चार-पाच दिवसांत कडू होतं, म्हणून ते थोडं थोडं आणि ताजंच दळायचं, हे लग्नानंतरच्या पहिल्या भोगीला ईरम्मानंच तिला शिकवलेलं. म्हणजे रोज सकाळी गिरणी. करणार कोण? वळसंगहून एसटीनं येणारी बजाबाई एक वाजेपर्यंत ज्वारीच्या थापायची आणि माझा हात ज्वारीचा, दुसरं सांगू नका, असं म्हणून पिशवी उचलायची. ईरम्माच्या उजव्या हाताची करंगळी दोन वर्षांपासून वाकत नव्हती. ती फक्त शेकायला बसायची. उरले दोन हात, आणि त्याच हातांना सोमवारपासून खडू धरायचा होता.

पलीकडच्या पेठेतल्या शाळेत सातवीच्या इंग्रजीला बाई हव्या होत्या. दोन आठवडे शिकवून बघायचं, शेवटच्या शनिवारी पहिल्या तासाला मुख्याध्यापिका वर्गात येऊन बसणार आणि मग ठरवणार. सकाळी सात दहाला घंटा. सोमलिंगनं, तिच्या नवऱ्यानं, हो म्हणताना टॉवेलच्या कारखान्याचा डबा भरता भरता एक अट घातली होती. घरचं अडलं की सोडायचं. तो रागानं बोलला नव्हता, म्हणून तर तिला वाद घालता आला नाही.

"माल चांगला आहे म्हणतात," दाक्षायणी म्हणाली. "वेळेवर पाठवत चला."

"एवढंच? किती वेळ वाचत व्हतीस."

"इंग्रजीत लांबच असतं, अत्ती."

ईरम्मा हसली. "तेवढ्यात आपल्या दोन भाकऱ्या झाल्या असत्या की."

दाक्षायणीनं फोन परत खिळ्याला लटकवला, काच भिंतीकडे करून. मेल पुसून टाकायला मात्र तिचं बोट धजलं नाही.

सोमवारपासून ती शाळेत जाऊ लागली. तीन वर्षांची सृष्टी आजीजवळ राहायची. पहिले दोन दिवस वर्गात शिकवतानाही दाक्षायणीचे कान घराकडेच होते. शेगडीजवळ गेली असेल का, जिन्याचं दार कोणी उघडं टाकलं असेल का. घरी आली की ती आधी पोरीचे तळहात उलटेपालटे करून बघायची. तिसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिता लिहिता अर्धा तास कसा गेला ते कळलंच नाही, आणि तास संपल्याची घंटा ऐकून तिला घाबरल्यासारखं झालं.

पहिल्या शनिवारी पाठ्यपुस्तकात एका शेतकऱ्याचा धडा आला आणि दुसऱ्याच परिच्छेदात तो शब्द. डायव्हर्सिफाय. मुलांनी तोंडं वाकडी करून तो म्हटला. एकानं अर्थ विचारला. फळबाग, शेळ्या, मधमाश्या, अशी पुस्तकातली उदाहरणं होतीच, पण तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"समजा, कोणी फक्त ज्वारीची कडक भाकरी विकतं. मग ज्वारीच्या जोडीला बाजरीची करायला लागलं, नाचणीची करायला लागलं. एक प्रकार नाही खपला तर दुसरा हात देतो. याला म्हणायचं डायव्हर्सिफाय."

चाळीस तोंडांना समजलं. तिनं पटकन पाठ फिरवून फळा पुसला. घरी एका माणसाला जे सांगवलं नव्हतं, ते इथं किती सोपं करून सांगितलं होतं. आठवडाभरात या शब्दाचं स्वतःच्या घरातलं, गल्लीतलं एक वाक्य लिहून आणा, असं तिनं सांगितलं आणि पान उलटलं.

दुसरा आठवडा बरा गेला, आणि त्याचीच तिला धास्ती वाटत होती. ईरम्मा काही बोलत नव्हती. मंगळवारी तिच्या हाताला हळदीचा लेप होता, तर हवा बदललीय म्हणाली. बुधवारी सृष्टीच्या झबल्यावर तीळ चिकटलेले होते. दाक्षायणीनं ते एकेक करून काढले, आणि घरात तीळ कुठून आले हे विचारायचं मनात असूनही विचारलं नाही. विचारलं की कोणीतरी आपल्यालाही काही विचारेल, असं तिला वाटत होतं.

शुक्रवारी शेवटच्या तासानंतर स्टाफरूममध्ये ती वह्या तपासायला बसली. बहुतेकांनी पुस्तकातलीच वाक्यं उतरवली होती. एकाच्या काकांनी चादरीबरोबर टॉवेल काढले होते. मग राहतची वही आली. राहत ही आसिफभाईंची मुलगी. दर शनिवारी चारला भाकरीचे खोके न्यायला आसिफभाई टेम्पो घेऊन येत, तेव्हा कधी कधी तीही पुढच्या सीटवर बसून यायची. तिरक्या अक्षरात तिनं इंग्रजीत लिहिलं होतं की आमच्या मॅडमच्या सासूबाई आधी फक्त ज्वारीची भाकरी करायच्या, आता हात दुखतो तरी बाजरीची करून त्या धंदा डायव्हर्सिफाय करत आहेत.

दाक्षायणीनं लाल पेन उचललं. वाक्यात एकही चूक नव्हती. खूण न करताच तिनं पेन मिटलं, सगळ्या वह्या पिशवीत भरल्या आणि घरी निघाली.

बजाबाई गेली होती. सृष्टी पंख्याखाली झोपली होती. स्वयंपाकघरात ईरम्मा भिंतीला टेकून, हात मांडीवर उताणे टाकून बसलेली. दाक्षायणीनं कोपऱ्यातल्या टोपलीवरचं फडकं उचललं. करड्या, तीळ लावलेल्या भाकऱ्यांची चवड. भाकरी थापणारीचे बोटांचे ठसे कडेला राहतात, आणि या घरात ठशांवरून कोणाची कोणती ते ओळखता येई. प्रत्येक भाकरीच्या कडेला चार ठसे होते आणि पाचव्याच्या जागी सपाट.

"शाळा सुटली?" ईरम्मानं विचारलं.

"सुटली."

"त्या राहतनं पुन्याचं फोनवरचं वाचून दाकवलं मागल्या शनवारी. तू पोरीला न्हाऊ घालत व्हतीस. मॅडमनी भाकरीचं काय झकास शिकवलं म्हनून सांगाय लागली, तवा मी म्हटलं, हे कुटनं आलं? म्हून फोन दिला तिच्या हातात. ऐकलं तवाच म्हटलं तिला, हात दुखला तरी आता बाजरीच्या करायच्या." ईरम्मानं दुखरी करंगळी चोळली. "पोरगी हुशार हाय. तूच शिकवतीस न्हवं?"

"मी सांगणार होते, अत्ती."

"न्हाई सांगितलंस ते बरं केलंस. सांगितलं असतंस तर सोम्यानं तुला जाऊ दिलं नसतं." तिनं टोपलीकडे हनुवटी केली. "उद्या पाठवू ह्या. शंबर झाल्यात. खाऊन सांग."

दाक्षायणीनं तुकडा मोडला. कुरकुरीत होता, खरपूस होता, तीळ छान भाजले होते. चावता चावता जिभेच्या मागच्या बाजूला कडूपणा उतरला आणि तिथंच बसला.

"पीठ कधीचं, अत्ती?"

"सोमवारचं. बजाबाईला आणायला लावलं एकदमच. रोज गिरनीला गेलं असतं तर तुला कळलं असतं की. माठामागं ठेवलं व्हतं, थंडाव्यानं टिकंल म्हून." ईरम्मानंही एक तुकडा तोंडात टाकला आणि नुसताच घोळवला. वर्षानुवर्षांच्या मिश्रीनं तिची जीभ कधीच मेली होती. "बरी झालीय का? मला काय कळंना."

घास दाक्षायणीच्या तोंडात तसाच होता. बरी झालीय, एवढे दोन शब्द म्हटले की झालं. उद्या पहिल्या तासाला मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसतील. खोके पुण्यात फुटेपर्यंत ती नोकरीला लागलेली असेल, आणि दुकानदाराचा पुढचा मेल जो काही येईल तो या चार बोटांच्या नावानं येईल. ईरम्मा तिच्या तोंडाकडे बघत होती, पोर पहिल्यांदा पाटी दाखवून बघतं तशी.

तिनं घास गिळला.

"गिरणी किती वाजता उघडते, अत्ती?"

"सातला." ईरम्माचा हात मांडीवरून किंचित उचलला गेला. "का गं? तुजी शाळा न्हाई?"

दाक्षायणीनं टोपलीवर फडकं घातलं आणि चारी कोपरे खोचले. मग पिशवीतून राहतची वही काढली, त्या वाक्यापुढे लाल बरोबरची खूण केली आणि ती वही गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली.

"उद्या आसिफभाई आले की वह्या त्यांच्याजवळ द्या," ती म्हणाली. "राहत सोमवारी देईल शाळेत."