जेटचा मान

देवाधर्माच्या कामात सयाजीचा हात फार सढळ. दसऱ्याला त्यानं आळेफाट्यावरच्या आपल्या हॉटेलातली भज्यांची गॅसभट्टी पार सुटी केली, चिंचेनं लखलखीत घासली आणि एकेका भागाला ओल्या कुंकवाचं बोट लावलं. पहिला मान जेटचा. जेट म्हणजे पितळेचा नखाएवढा तुकडा, त्याच्या सुईएवढ्या भोकातून गॅस भट्टीत येतो. आठवड्यापूर्वी भट्टी दुरुस्त करताना नारायणगावच्या वली मिस्तरीनं बजावलं होतं, "भाऊ, समदा जीव ह्यात हाय." मग सयाजीनं तिथं कुंकू जरा जास्तच लावलं. भाविक माणूस, भोक कुठं बघत बसणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीची ज्योत पणतीएवढी. तेल तापेना, भजी तेल पिऊन लिबलिबीत. सयाजीनं सिलिंडर बदलला, रेग्युलेटर काढून पुन्हा बसवला, नळीला कुठं पीळ पडलाय का तेही पाहिलं. सगळं ठीक निघालं. वस्तूंवर खापर फुटेना, तेव्हा ते माणसावर फोडायचं ठरलं. जीपवाल्याबरोबर त्यानं वलीला निरोप धाडला, लगेच ये म्हणून.

वली पिशवी घेऊन उतरला तेव्हा नाशिकची एसटी नाश्त्याला थांबलेली. बाकं गच्च भरलेली, भजी मात्र एकाच्याही पुढ्यात नाही. सयाजी आधीच तापलेला. त्यानं सगळ्यांदेखत तोंड सोडलं.

"दुरुस्तीच्या नावानं माजा नवा जेट काढून घेतलास आन् कुणाचा तरी झिजका बसवलास व्हय रं? वीस वर्सं इस्वास ठिवला तुज्यावर!"

वलीचा चेहरा उतरला. "आधी बघू तर द्या, भाऊ."

बाकावरचा एक गडी भिंतीकडं बघत बोलला, "ह्या लोकांचं असंच असतंय." दोघं-तिघं हसले. सयाजीनं ते स्वच्छ ऐकलं. खरं तर त्या गड्याला तिथंच गप करायला हवं होतं, पण तो आपल्या बाजूनं बोलतोय म्हणून सयाजीला उलट बरंच वाटलं.

वलीनं सिलिंडर बंद केला. नळी काढून फुंकून पाहिली, मोकळी होती. मग पान्यानं जेट सोडवला आणि उजेडाकडं धरला. उजेड काही आरपार येईना. त्यानं बारीक तार घातली, जेट रुमालावर आपटला. पांढऱ्या रुमालावर लाल भुकटी पडली.

सयाजीनं ती लगेच ओळखली. आपलंच बोट, आपलंच कुंकू. वलीनं वर पाहिलं. आता हा रुमाल सगळ्यांपुढं फडकवणार, आणि फडकवावाच, असं सयाजीला वाटलं. वलीनं रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"कचरा अडकला व्हता," तो एवढंच म्हणाला. जेट बसवला, जोडांना साबणाचा फेस लावून गॅस कुठं गळतोय का ते पाहिलं आणि काडी ओढली. निळी ज्योत भसकन वर आली.

"बगा, चोरी पकडली की लगेच दुरुस्त!" भिंतीकडं बघणारा गडी म्हणाला.

आता बोलायलाच हवं होतं. 'चूक माजी हाय', तीन शब्द. पण चारचौघांत, आपल्याच हॉटेलात, स्वतःच्या तोंडानं? सयाजी उगाच पीठ ढवळत राहिला. कंडक्टरनं हाक दिली, माणसं भराभर उठून एसटीत बसली आणि एसटी हलली.

बाकं रिकामी झाल्यावर सयाजीनं वलीचा हात धरला. "चुकलो रं. म्याच लावलं व्हतं कुकू. लई लाज वाटती मला. माफ कर."

वलीनं हात अलगद सोडवून घेतला. "मला काय सांगता, भाऊ? मी चोर न्हाई, ते मला ठाऊकच व्हतं. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा."

सयाजी पिठाच्या हातांनी रस्त्यावर धावला. एसटी संगमनेरच्या अंगाला लागली होती, आणि तिच्यातली चाळीस माणसं वलीला चोर समजूनच आपापल्या गावी उतरणार होती.