मंगळवार-शुक्रवारचा व्यायाम

“बघ. मी आत गेले की हिचा आवाज खाली,” सासूबाई मुलाच्या कानाशी लागल्या.

“आई, ती तिच्या आईशी बोलते गं.”

“आईशी बोलायला दार कशाला लोटावं लागतं?”

मुलगा बुटाच्या नाड्या बांधत राहिला. त्याची संध्याकाळची पाळी होती. आई आणि बायको यांच्या मध्ये तोंड घालणाऱ्याचं भलं होत नाही, एवढं शहाणपण त्याला लग्नानंतर आलं होतं. तो गेला आणि सासूबाईंनी खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या भिंतीशी लावली.

आत सून एका कानात इअरफोन घालून भाजी चिरत होती आणि तिच्या भाषेत बोलत होती. घरात ती भाषा दुसऱ्या कुणाला येत नव्हती. सून मध्येच हसायची, मध्येच कुजबुजायची, मध्येच कुणाचा तरी आवाज काढायची. सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. समोरचा बोलायला लागला की इकडचा थांबतो, निदान ‘हं हं’ तरी करतो, हे त्यांना झोपेतही कळलं असतं. सून थांबतच नव्हती. इतकं अखंड माणूस फक्त चुगल्या करताना बोलतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

एक्स्चेंजमध्ये दंडक होता, लाइन जोडून दिली की आपला कान काढून घ्यायचा. तो त्यांनी निवृत्त होईपर्यंत पाळला. पण ते लोकांचे फोन होते. हा आपल्या घरातला.

म्हणून त्यांनी वाचनालयाच्या वरच्या खोलीत चालणाऱ्या भाषेच्या शिकवणीत नाव घातलं. घरी सांगितलं, ज्येष्ठांचा व्यायाम आहे, मंगळवार आणि शुक्रवार.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला विचारलं, भाषा कशासाठी शिकायची? नर्सला पेशंटसाठी हवी होती, टॅक्सीवाल्याला गिऱ्हाइकांसाठी. सासूबाई म्हणाल्या, “सून बाहेरची आहे. तिला परकं वाटू नये म्हणून.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं बोलून टाळ्या मिळाल्या, आणि त्यांना त्याची जराही लाज वाटली नाही.

सुनेने या घरची भाषा वर्ष उलटायच्या आत शिकून घेतली होती. तेव्हा कुणी टाळी वाजवली नव्हती. उलट तिचं काही चुकलं की जेवताना सगळे हसायचे.

“बाई, सासूला काय म्हणतात?” सासूबाईंनी दुसऱ्या तासाला विचारलं.

“आजी, आपण अजून फळांची नावं करतोय.”

“फळं राहू द्या. आणि शिव्या कधी शिकवणार?”

शिव्यांचा धडा काही झाला नाही. पण सासूबाई घरी येऊन, न्हाणीघरात नळ सोडून, शब्द घोकत राहिल्या. सुनेलाही संशय आलाच. “आई, व्यायाम करून तुम्हाला दम कसा लागत नाही?” ती विचारायची. “सवय झालीय,” म्हणून सासूबाई चष्मा पुसायच्या. दोघी एकमेकींकडे चोरून बघायच्या आणि मुलगा ताटात बघायचा.

भिंतीपलीकडचे शब्द हळूहळू सुटे व्हायला लागले. आधी ‘सासू’ कळलं, ते तर वाक्यागणिक येत होतं. मग एका संध्याकाळी बरंच काही कळलं.

“आज पुन्हा व्यायाम! घाम नाही, काही नाही. नुसत्या बसून येत असतील. आणि आल्या आल्या मला काय म्हणाल्या, सांगू?” पुढे सुनेने हुबेहूब त्यांचा आवाज काढला. तोच कणसूर, तोच शेवटचा हेल.

सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या ताडकन उठल्या. आता दार ढकलायचं आणि तिच्याच भाषेत तिला सुनवायचं. हात दारापर्यंत गेला.

“हसली? दादा, नीट बघ ना, ओठ हलले का तिचे?” आतून आवाज आला. सून आता हळू बोलत होती. “आई, तुला बोलता येत नाही तोवर मीच बोलते. पण रोज नवीन काय आणू? ऑफिसात काही घडत नाही. सासू आहे म्हणून बरं. नाही, दादा, इथे त्यांना नाही सांगितलं. ह्यांनाही शपथ घातलीय. आईला झटका आलाय हे कळलं तर त्या माझ्याशी गोड वागतील. मग आईला हसवायला काय सांगू?”

हात मागे आला. सासूबाई खुर्चीवर बसल्या. फोनवर पलीकडून उत्तर का येत नाही, हे इतके दिवस त्यांच्या डोक्यात कसं आलं नाही, याचाच त्यांना राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधला. नंतर पाववाल्याशी पाव गोल का नाहीत यावरून असं भांडण काढलं की जिन्यात माणसं जमली. संध्याकाळी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं, तेही तिखटमीठ लावून. मेली जरा जास्तच रंगवते, त्यांना वाटलं. पण मग सून मनापासून हसली आणि सासूबाईंना बरं वाटलं.

असं चाललं असताना एका संध्याकाळी सून घरी आली, फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि इअरफोन न घालता भाजी चिरायला लागली. दार उघडंच होतं.

“आई, मला उद्या पहाटे माहेरी जायचंय. चुलतबहिणीचं लग्न ठरलंय.”

“अचानक?”

“हो.”

सासूबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. भाजी कधीच चिरून झाली होती. सुरी रिकाम्या फळीवर चालत होती. ‘जाऊन ये’ म्हटलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. सून लग्नाला जाऊन आली असती, सासूबाई व्यायामाला जात राहिल्या असत्या. पण पोरीची आई गेली होती आणि ती लग्नाचं सांगत होती. त्यांना ते सहन होईना.

“सुरी ठेव. आई गेली ना तुझी?” त्यांनी सुनेच्या भाषेत विचारलं. “रड.”

सुरी थांबली. सुनेने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दुःखाच्या आधी संशय आला, आणि मागचे सगळे मंगळवार-शुक्रवार, भिंतीलगतची खुर्ची, चष्मा, पाववाला तिच्या डोळ्यांपुढून सरकताना सासूबाईंना दिसले.

“तुम्ही सगळं ऐकलंत?”

“ऐकलं.”

मग सून बोलायला लागली. तिच्या भाषेत, भराभर, रडत, फळीवर हात आपटत. सासूबाईंना पहिली दोन-चार वाक्यं कळली. पुढचं काहीच कळेना. शिकवणीत इतक्या वेगाने कुणी बोललंच नव्हतं. ती आईबद्दल सांगत होती की आपल्याला शिव्या घालत होती, कळायला मार्ग नव्हता.

दोन्ही ऐकून घेणं भाग होतं. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.