आकाशपाळण्याचा जिराफ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी जिराफ. जिराफ असे मी म्हणतो. बघणाऱ्यांचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही.

माझा जन्म अक्रा शहराजवळच्या टेशी गावात, लारिया सुताराच्या अंगणात झाला. लारियाचा धंदा शवपेट्यांचा. आमच्याकडे माणूस जन्मभर जे करतो त्याच्याच आकाराच्या पेटीतून जातो. कोळी माशातून जातो, ड्रायव्हर बसमधून. त्या आठवड्यात एका मिरचीवालीसाठी भलीमोठी लाल मिरची घडत होती. तिच्यातून उरलेल्या फळ्यांचा मी. लारियाने जिराफ पाहिला होता तो शाळेच्या पुस्तकात, तोही लहानपणी. फळी आखूड निघाली म्हणून त्याने मानही आखूड केली. ओठांना मिरचीचा उरलेला रंग लावला. मला मागच्या दोन पायांवर उभे केले आणि पुढचा एक पाय हातासारखा आडवा ठोकला.

"बकरीला ताप आलाय का?" शेजाऱ्याने विचारले.

"जिराफ आहे तो."

"बरं. जिराफाला ताप आलाय का?"

तिथून मला नेले समुद्रराणी पार्कात. रेडिओवर त्या पार्कची जाहिरात रोज लागायची: नौकाविहार, भुतांची गुहा, जिवंत सिंह. लोक लांबून येत आणि बघत. नौकाविहाराच्या खड्ड्यात बेडूक विहार करीत. भुतांच्या गुहेत दिवा नव्हता, एवढीच भीती. सिंह भिंतीवर रंगवलेले. रेडिओने सांगितलेल्यातले खरे निघाले ते फक्त एक, आकाशपाळणा. तो फिरायचा. वर गेले की समुद्र दिसायचा, होड्या दिसायच्या, आणि नेम धरून पाहिले तर आपल्या घराचा पत्राही.

मी त्या पाळण्याच्या दारात उभा होतो. ज्याचे डोके माझ्या हाताला लागेल त्याने वर जायचे. जो खालून मोकळा निघेल त्याने परत फिरायचे. दाराशी सोवा नावाचा माणूस असे. तो पोरांना माझ्याखाली उभे करी, मी मोजी. तेव्हा मला माणसे कळली. फाटकावर अर्धे तिकीट काढताना प्रत्येकाचे मूल लहान असते. माझ्यापाशी पोचेपर्यंत ते मोठे होते. आया वेण्या उभ्या बांधत. बाप बुटात कागद कोंबत. एकाने तर पोराला सरळ दोन्ही कान धरून वर ओढले. मी कुणाचे ऐकले नाही. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत, आणि मला वाटे, आपण कुणीतरी आहोत.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मासे धुरावर सुकवून विकणारी शोर्मे आजी आपल्या जुळ्या नातींना घेऊन आली. थोरली अक्वेले, धाकटी अक्वोको. एकाच कापडाचे फ्रॉक. आमच्या 'ग' जमातीच्या लोकांत जुळ्यांपैकी एकीला जे द्यायचे ते दुसरीलाही द्यावेच लागते, नाहीतर घराला बाधते. शोर्मे आजी तर एकीला धपाटा बसला की दुसरीचाही हिशेब तिथेच चुकता करी.

थोरलीचे डोके माझ्या हाताला टेकले. धाकटी बोटभर खाली राहिली.

"ही चालेल. ही नाही," सोवा म्हणाला.

"अरे, जुळ्या आहेत त्या."

"दिसतंय, आजी. पण एक आखूड निघालीय."

"धरा गं कान." दोघींनी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरून दाखवला. "बघ. एवढ्यावर मास्तरांनी शाळेत घेतलं दोघींना. तू मास्तरांपेक्षा शहाणा?"

"मास्तरांची शाळा वर जात नाही, आजी. हा जातो."

धाकटी बहिणीच्या कानाशी लागली. "तू जा. मी थांबते."

थोरली दोन पावले गेलीसुद्धा. आजीने फ्रॉकचा पट्टा धरून तिला मागे ओढले. "एकीला दिलं नि दुसरीला नाही, असं आमच्या घरात होत नाही. दोघी पुढच्या वर्षी."

"पाळणा कुठे पळून चाललाय," सोवा म्हणाला.

माझ्याच सावलीत बसून त्यांनी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, आणि तळलेला मासा खाल्ला. थोरली मान वर करून पाळणा बघत होती. धाकटी पाळणा बघत नव्हती. ती माझा हात बघत होती. बहिणीचे आकाश आपण अडवले, असे तिच्या तोंडावर लिहिले होते.

मित्रांनो, समुद्राच्या वाऱ्यात मीठ असते. ते लोखंड खाते. पाळण्याला तेल हवे होते. मालकाने दर वर्षी रंग आणला, कारण रंग फाटकावरून दिसतो आणि तेल दिसत नाही. मलाही थरावर थर मिळाले. माझे ओठ सुजल्यासारखे झाले. पाळणा मात्र किंचाळू लागला, आणि एका रविवारी माणसे वर असतानाच थांबला. शिडी लावून एकेकाला उतरवले. त्यानंतर तो फिरला नाही. रेडिओवर मात्र फिरतच राहिला.

पुढचा नाताळ आला. जुळ्या आल्या. वर्षभर धाकटी आंब्याच्या फांदीला लोंबकळली होती म्हणे. ती माझ्याखाली ताठ उभी राहिली आणि तिचे केस माझ्या हाताला लागले. ती हसली. तिला हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते.

सोवाने तिकिटे फाडली. "बसा."

त्या बसल्या. बराच वेळ बसल्या.

"फिरणार कधी?" आजीने विचारले.

"बसायचं तिकीट आहे, आजी. फिरायचं बंद आहे."

"मग मोजतोस कशाला?"

"नियम आहे," सोवा म्हणाला, आणि पुढच्या पोराला उंची भरली नाही म्हणून परत पाठवले. ते पोर रडत गेले.

आजी पाळण्याजवळ गेली. दोघींचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. "काय दिसतं गं?"

"सोवाकाका दिसतो," थोरली म्हणाली.

पुढे पार्क बंद पडला. भंगारवाले पाळणा कापून हातगाडीवर घालून घेऊन गेले. लाकडाला भंगारात भाव नसतो, म्हणून मी उरलो. कमरेएवढ्या गवतात उभा राहून मला माझी बहीण, ती लाल मिरची, आठवते. तिने आपल्या मालकिणीला कबूल केलेल्या ठिकाणी नेऊन पोचवले. आमच्या घराण्यात शब्द पाळणारी ती एकटीच.

परवा शोर्मे आजी आली, भट्टीसाठी लाकूड शोधत. बरोबर दोघी होत्या, आजीपेक्षा उंच झालेल्या. सोवा आता रिकाम्या जागेची राखण करतो.

"ह्या बकरीचं काय घेशील?"

"जिराफ म्हणालात तर फुकट न्या."

मला बरे वाटले, मित्रांनो. जळायचे तर निदान मासळीखाली जळू, कुणाच्या तरी पोटाला लागू. आजीने नखाने माझी छाती खरवडली. एक थर निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. तिने बोट पुसले.

"नको. रंगाच्या धुराने मासळी कडू होते."

ती निघाली. धाकटी मागे राहिली. ती माझ्या हाताखाली आली, गुडघ्यांत वाकली, वाकत वाकत माझ्या हातापासून बोटभर खाली थांबली. मग बहिणीला म्हणाली, "तू जा. मी थांबते."

थोरलीने पाळण्याच्या जागेकडे पाहिले. तिथे गवत होते.

"कुठे जाऊ?" ती म्हणाली.

मित्रांनो, मला रंग द्या असे मी म्हणणार नाही. रंग पुष्कळ मिळाला. जे फिरते आहे त्याला फिरत असतानाच तेल घाला, आणि मुलांना 'पुढच्या वर्षी' म्हणण्याआधी चाकाकडे एकदा बघून घ्या. तुम्ही बघाल असे मला वाटत नाही. मी माणसे मोजलेली आहेत.

माझा हात अजून आडवाच आहे. त्याच्या पलीकडे आता काही नाही, पण तो खाली घ्यायला कुणी आलेले नाही.