चिकटलेली दोन पानं

मी स्पॅनिश शिकवणारं पुस्तक बोलतोय. हातात घेण्याआधी हात धुऊन या. आजवर कुणी धुतले नाहीत.

नवा होतो तेव्हा मला शाईचा छान वास होता. मग सरांच्या क्लासात आलो. बारा खुर्च्या, एक फळा आणि सर. सरांना थुंकी लावल्याशिवाय पान उलटत नाही. बोट जिभेवर, जिभेवरून माझ्यावर. माझा उजवा कोपरा बघा, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा लिबलिबीत झालाय.

एकदा सरांना शिंक आली. रुमाल निघेपर्यंत सगळं माझ्या चाळीस-एक्केचाळीस पानांवर! सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला फटकन मिटलं. पानं तशीच वाळून चिकटली. शी!

त्या पानांवर 'आणि' कसं म्हणायचं ते होतं. स्पॅनिशमध्ये 'आणि'ला 'इ' म्हणतात, पण पुढचा शब्द 'इ'नेच सुरू होत असेल तर 'ए' म्हणायचं. एवढंच. पण विद्यार्थ्यांकडे माझ्या झेरॉक्स, आणि बंद पानांची झेरॉक्स निघत नाही. सर सगळीकडे 'इ'च शिकवत राहिले. एकोणचाळीसनंतर एकदम बेचाळीस कसं, हे सहा वर्षांत कुणीही विचारलं नाही.

मग एक नर्स आली. तिचा नवरा परदेशी गोदीत कामाला होता. परीक्षा पास झाली तरच तिला तिथल्या दवाखान्यात नोकरी मिळणार होती, नाहीतर आणखी वर्षभर फोनवरचाच संसार. झेरॉक्स काढायला तिने मला घरी नेलं आणि भाजी चिरता चिरता 'आई आणि मुलगी' मोठ्याने वाचलं, "माद्रे इ इहा."

"वहिनी, घोडी खिंकाळली का गं?" नणंदेने विचारलं.

"सरांनीच असं शिकवलंय."

"मग सरांना चारा घाल!"

नर्स हसली, पण जीभ पुन्हा तिथेच अडखळली. तिने माझी पानं मोजली. मग मला चहाच्या वाफेवर धरून ती दोन पानं अलगद सुटी केली.

"ई! काय आहे ते?" नणंद किंचाळली.

"वाळलेला शेंबूड. आमचं रोजचंच आहे." तिने मला स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी पुसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती क्लासात मला उघडून म्हणाली, "सर, 'इहा'च्या आधी 'ए' हवं. ही पानं चिकटली होती."

सरांनी पान ओळखलं. कान लाल झाले. "शिकवतो कोण इथे? परीक्षेला नावं मी पाठवतो, लक्षात आहे ना?"

ती गप्प बसली असती तर तिचं नाव परीक्षेला नक्की पाठवलं गेलं असतं. पण ती म्हणाली, "माझा अर्ज मीच भरेन," आणि सगळ्यांना लिहून घेता येईल अशा बेताने तिने ते पान सावकाश वाचलं. वह्या उघडल्या. सरांनी तिला बाहेर काढलं.

खोली रिकामी झाल्यावर त्यांनी डिंकाची बाटली आणली आणि ती दोन पानं काठोकाठ चिकटवून टाकली. शिंक काय, कुणालाही येते. डिंक कुणाला येत नाही.

हल्ली सर फळ्यावर बरोबर 'ए' लिहितात. म्हणतात, "टिपून घ्या. हे पुस्तकात मिळणार नाही, हा माझा अनुभव आहे." ती नर्स स्वतः अर्ज भरून पास झाली, परदेशी गेली. तिचा फोटो भिंतीवर लावलाय, खाली लिहिलंय, 'आमची विद्यार्थिनी'.

मला रद्दीत द्या हो. माझ्या पानांत काहीही बांधा. फक्त या भिंतीसमोरून मला उचला.