पोटात शिरणारी दुर्बीण

मी दवाखान्यातली दुर्बीण बोलतेय. बोटाएवढी जाड, हातभर लांब. पोटाला लहानसं छिद्र पाडून मला आत घालतात आणि आतलं सगळं टीव्हीवर दिसतं. १९९७ साली मी वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यात आले.

दोन वर्षांनी कारंज्याच्या कौशल्याबाई टेबलावर आल्या. हायवेवर त्यांचा ढाबा होता. यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ. ही गाठ कुत्र्याच्या विष्ठेतल्या जंतांच्या अंड्यांमुळे होते, असं डॉ. ज्योत्स्नाबाईंनी त्यांच्या नवऱ्याला, महादेवरावांना, सांगितलं होतं.

भूल देण्याआधी कौशल्याबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "मॅडम, आमच्या घरच्याईले सांगा, आमच्या भुऱ्या कुत्र्याले काही करू नका म्हणा. माह्याच हातची भाकर खाते तो."

"त्याला जंताचं औषध दिलं की झालं. सांगते मी."

गाठीभोवती औषधात भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या. आतलं पाणी पोटात सांडलं तर जीवही जातो. सुईनं पाणी ओढलं, जंत मारायचं औषध आत सोडलं. दहा मिनिटं ते तसंच राहू दिलं. मग आतली पांढरी, लिबलिबीत पिशवी बाहेर आली. मध्येच माझ्या भिंगावर वाफ धरली होती. तेवढ्यात एखादा थेंब निसटला असेल. मला दिसला नाही.

२००३ मध्ये त्याच बाई पुन्हा टेबलावर. दुसरी गाठ.

"भुऱ्या कसा आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

बाई छताकडे पाहत होत्या. "मांगच्या खेपेले मी इथं भरती होती, तवाच त्याईनं ट्रकवाल्याले देऊन टाकला. कुत्र्यानं होते म्हणे. औषधाचं त्याईले कोणी सांगतलंच नाई."

डॉक्टर हातमोजे घालता घालता थांबल्या. "माझ्याकडून राहून गेलं, कौशल्याबाई."

"जाऊ द्या. करा तुमचं."

आवाजात राग नव्हता. रडूही नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. आत गेले, दिवा लागला, दाखवायचं ते दाखवलं. गाठ नीट निघाली. चौथ्या दिवशी बाई घरी गेल्या.

आता माझं भिंग धुरकट झालंय. शिकाऊ डॉक्टर मला रबराच्या पोटात घालून सराव करतात. तिथं काही सांडत नाही, कुणी काही विचारत नाही.

पोरांनो, खऱ्या पोटाशी याल तेव्हा त्या माणसाशी आणि त्याच्या घरच्यांशी आधी पुरतं बोला. अर्धं बोलून हात धुवायला जाऊ नका.