डॉक्टरांनी सांगितलेला अर्धा तास

कस्तुरी गेल्यावर मला काही वाटेनासंच झालं. रडू नाही, भूक नाही, चिडका स्वभाव तेवढा शाबूत. आमचे डॉक्टर नरसिंहराव म्हणाले, "रोज सकाळी अर्धा तास चाला. मन हलकं होईल." बायको जाऊन महिना झालेल्या माणसाला हा उपाय! पण मी मान डोलावली.

अर्ध्या तासाने काही फरक पडेना, म्हणून तास केला. मग त्याच्याही वर. बसवनगुडीतल्या बागेला फेऱ्या मारून पाय भरून यायचे आणि घरी येऊन मी ओंडक्यासारखा पडायचो. निदान दुपार निघून जायची. मुलगा श्रीवत्स नव्या कंप्युटर कंपनीत होता. तो रोज दारापर्यंत यायचा आणि म्हणायचा, "अण्णा, आज स्वल्प जास्त चाला हं." म्हातारा घरात नकोसा झाला असेल, असं मी धरून चाललो. त्याचंही मला काही वाटलं नाही.

परतल्यावर दारात रांगोळी असायची, कस्तुरी काढायची तशी, ठिपक्यांची. कामवाली काढत असेल म्हणून मी ती ओलांडून आत जायचो.

एका सकाळी बागेच्या फाटकापाशीच चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात धरून, चांभाराला शिव्या घालत मी माघारी वळलो.

दारात श्रीवत्स उकिडवा बसला होता. ऑफिसची पँट वर दुमडलेली, चिमटीत रांगोळी. डोळे पुसून पुसून गाल पांढरे झालेले. ओळ वाकडी आली की तो पुसायचा आणि पुन्हा ठिपके मांडायचा.

मला पाहून तो दचकला. "इतक्यात आलात? अजून झाली नाही, अण्णा."

"रोज तूच काढतोस?"

"तुम्ही येता तेव्हा दार ओकंबोकं दिसू नये म्हणून. मला वेळ लागतो. आईसारखा हात नाही ना."

मी पायरीवरच बसलो. इतक्या दिवसांनी काहीतरी वाटलं, आणि ते फार दुखलं. मी रडलो, चांगला मोठ्याने. शेजारच्या विमलाक्का बाहेर डोकावून आत गेल्या. श्रीवत्स माझा गुडघा धरून बसून राहिला.

मग मी नाक पुसलं. "सरी, बरं, सरक जरा. तुझी आई मधल्या ओळीपासून सुरू करायची. पेपर वाचता वाचता मी बघायचो."

त्याने रांगोळीचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"आणि उद्यापासून अर्धा तासच चालणार," मी म्हणालो. "माझ्याशिवाय सुरू करू नकोस."