काळी शाई

उन्मेष नावाचं हे प्रकरण हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी डिपार्टमेंटमध्ये आलं, तेव्हाच मंजिरीताईंनी नाक मुरडलं होतं. पायात पांढरेशुभ्र बूट, बगलेत लॅपटॉप, आणि फॉर्मलिनचा वास आल्याबरोबर नाकाला रुमाल. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ घ्यायची, तिच्या कडांना शाई लावायची, पातळ काप करून काचेवर चढवायचे, हे ताई बावीस वर्षं करत होत्या. उन्मेषचं सॉफ्टवेअर म्हणे त्या कापाचा फोटो पेशंटच्या स्कॅनवर नेमका बसवणार होतं, म्हणजे कॅन्सर शरीरात कुठे आहे ते पडद्यावरच दिसेल.

"आंटीजी, कडांना हे कलर कशाचे?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

आंटीजी! "इंदूर आहे भिया," ताई म्हणाल्या होत्या, "इकडे बारा महिने रंगपंचमी चालते."

पोरगं कसनुसं हसलं. पुन्हा काही विचारायला आलं नाही.

आज विभागप्रमुख डॉक्टर दिवाकर पडद्यासमोर हात चोळत उभे होते. महूच्या शाळेतल्या शिक्षिका धम्मदीना गजभिये यांच्या स्तनातली गाठ काढली होती, पण एका कडेला कॅन्सर उरला होता. उद्या सकाळी नऊला पुन्हा ऑपरेशन. कोणत्या बाजूनं आणखी कापायचं, एवढंच सर्जनना हवं होतं. पडद्यावरचा लाल ठिपका छातीच्या मधल्या हाडाच्या बाजूला होता.

"सत्त्याण्णव टक्के मॅच!" डॉक्टर म्हणाले. मायक्रोस्कोपला डोळा लावायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. पाहुण्यांना दाखवायला खेळणं मिळालं की या माणसाला दुसरं काही सुचत नसे.

ताईंनी काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. कॅन्सरच्या पेशी थेट काळ्या शाईला भिडलेल्या. काळी म्हणजे काखेकडची कड. सर्जननी खूण म्हणून बांधलेला लांब धागा बघून ती शाई ताईंनीच लावली होती. पडद्यावरच्या फोटोत मात्र शाईचा मागमूस नव्हता.

"काळा रंग कुठे गेला रे?" ताईंनी बाजूला उभ्या उन्मेषला विचारलं.

"तो डाग ना? मॅचिंगमध्ये आडवा येत होता. साफ केला."

साफ केला! स्वच्छतेत नंबर एक शहराचा सुपुत्र, डाग दिसला की पुसणारच. शाई गेल्यावर सॉफ्टवेअरला डावं-उजवं कोण सांगणार? त्यानं फोटो पोळीसारखा उलटला आणि ताणूनताणून बसवला.

"मंजिरीजी, कंप्यूटर गलत आहे का मग?" डॉक्टर हसत म्हणाले.

ताईंनी उरलेल्या गाठीची बरणी आणून त्यांच्या कीबोर्डवरच ठेवली. आत लांब धागा होता आणि त्याच्या बुडाशी काळी कड. डॉक्टरांचं हसू मावळलं. ते सर्जनना फोन करायला बाहेर गेले.

उन्मेष तिथेच उभा होता. "मी तर विचारलं होतं ना, आंटीजी," तो हळूच म्हणाला. "आपणच बोललात, रंगपंचमी."

ताईंच्या जिभेवर चार टोमणे तयार होते. पण उद्या त्या बाईंची धड बाजू कापली गेली असती, कॅन्सर तसाच राहिला असता, आणि त्यात आपल्या एका टोमण्याचाही हात असता. त्यांना स्वतःचीच किळस आली.

त्यांनी शाईच्या बाटल्या पुढे ओढल्या. "बैठ," त्या म्हणाल्या. "काळी काखेकडची. लिहून घे."